जोरदार गाडीचं इग्निशन: कुठे पैसे घालावेत, कुठे अजिबात घालू नयेत

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात जोरकस पेट्रोल गाड्या आता कमी नाहीत. चाकणला तयार झालेल्या पोलो जीटी टीएसआय आणि व्हर्टस जीटी, रांजणगावची अबार्थ पुंटो, बलेनो आरएस, आय-ट्वेंटी एन लाइन, शिवाय कुणीतरी जीव लावून सांभाळलेली जुनी होंडा सिटी व्हीटेक किंवा एस्टीम. या गाड्यांच्या मालकांना गॅरेजमध्ये हमखास मिळणारा सल्ला म्हणजे, "प्लग-कॉईल चांगले टाका, मग बघा पिकअप." सल्ला अर्धा खरा आहे. उरलेल्या अर्ध्यापायी पाच हजारांचं काम चाळीस हजारांवर जातं, म्हणून हा हिशेब मांडतो आहे.

आधी मुद्द्याचं. कंपनीतून आली तशी गाडी असेल, तर इग्निशन बदलून इंजिनाची ताकद वाढत नाही. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण दर वेळी वेळेवर पेटत असेल, तर मोठी ठिणगी दिली म्हणून ते जास्त जोराने जळत नाही. मात्र ठिणगी चुकत असेल, उशिरा किंवा कमजोर पडत असेल, तर ताकद गळत असते आणि ती परत मिळवता येते. रिमॅप करून, म्हणजे इंजिनाच्या संगणकाचं प्रोग्रॅमिंग बदलून, टर्बोचा दाब वाढवलेला असेल, तर मूळ इग्निशन खरोखरच अपुरं पडू शकतं. तुमची गाडी यातल्या कुठल्या गटात बसते ते ठरवा, मग पाकिटाला हात घाला.

ढोबळ आकडे असे. मूळ अवस्थेतल्या गाडीला ३ ते ७ हजार रुपये पुरतात. रिमॅप केलेल्या टर्बो गाडीला ८ ते २५ हजार. डिस्ट्रिब्युटर असलेल्या जुन्या गाडीला ५ ते १५ हजार. रस्त्यावर चालवायच्या गाडीला याहून जास्त कुणी सांगत असेल, तर कारण विचारा. या लेखातल्या सगळ्या किमती अंदाजाच्या आहेत, गाडीच्या मॉडेलप्रमाणे खाली-वर होतील. दुकानात आणखी एक लक्षात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सगळ्या सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे. ज्यांवर आधी २८ टक्के होता तेही १८ वर आले. जुन्या छापील किमतीवर अडून बसणाऱ्या दुकानदाराला याची आठवण करून द्या.

तपासणी: इथे घातलेले हजार रुपये सगळ्यात मोलाचे

मिसिंग म्हणजे प्लग खराब, असं सरसकट धरलं जातं. ठिणगीचा प्रवास बॅटरीपासून सुरू होतो. बॅटरीचे १२ व्होल्ट कॉईलमध्ये वाढून २० ते ४० हजार व्होल्ट होतात आणि मग प्लगच्या टोकाशी हवेच्या फटीतून उडी मारतात. बॅटरी थकलेली किंवा अर्थिंगची पट्टी गंजलेली असेल, तर कॉईल पुरेशी भरत नाही, आणि मग प्लग कितीही महागडा टाकला तरी ठिणगी लुळीच पडते.

म्हणून पहिलं हत्यार मल्टिमीटर, ३०० ते ८०० रुपयांचं. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर १२.५ व्होल्टच्या आसपास आणि इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत. अनेक नव्या गाड्यांत अल्टरनेटर कमी-जास्त चालवण्याची स्वयंचलित सोय असते, त्यांत आकडा मध्येच खाली जाईल. ते बिघाडाचं लक्षण नव्हे. इंजिन आणि बॉडी जोडणारी अर्थ केबल हिरवट पडली असेल तर बदला. ५०० ते १,५०० रुपयांत होतं.

दुसरं, स्कॅनिंग. गॅरेजवाले ३०० ते ८०० रुपये घेतात. फोनला जोडायचं ओबीडी यंत्र ६०० ते १,५०० रुपयांत येतं आणि वर्षानुवर्षं कामी पडतं. पी ०३०० हा कोड म्हणजे कुठलाही सिलिंडर अधूनमधून चुकतोय. पी ०३०१ ते पी ०३०४ म्हणजे एक ते चारपैकी ठरावीक सिलिंडर चुकतोय. पी ०३५१ पासूनचे कोड कॉईलच्या सर्किटकडे बोट दाखवतात.

यानंतरची चाचणी फुकटात होते, आणि ती केल्याशिवाय एकही कॉईल विकत घेऊ नका. कोड पहिल्या सिलिंडरचा असेल, तर पहिल्यावरची कॉईल तिसऱ्यावर आणि तिसऱ्यावरची पहिल्यावर लावा, कोड पुसा, गाडी फिरवून आणा. आता कोड तिसऱ्या सिलिंडरचा आला तर कॉईल गेली आहे. तो पहिल्यावरच राहिला तर दोष प्लगमध्ये, इंजेक्टरमध्ये किंवा कॉम्प्रेशनमध्ये शोधायचा. दहा मिनिटांच्या या अदलाबदलीने चार कॉईल्सचा खर्च एका कॉईलवर येतो, कधी शून्यावर.

प्लग काढल्यावर त्याचा रंग बघा. फिकट तपकिरी किंवा राखाडी म्हणजे सगळं ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय किंवा प्लग गरजेपेक्षा थंड आहे. ओला तेलकट प्लग म्हणजे इंजिन ऑइल खातंय. पांढराफटक, फोड आल्यासारखा दिसला, तर इंजिन जास्त तापतंय. अशा वेळी गाडी जोरात चालवणं थांबवा आणि जाणत्याला दाखवा. प्लगच्या विहिरीत तेल साचलं असेल, तर टॅपेट कव्हरचं पॅकिंग गेलं आहे. तेलात बुडालेलं कॉईलचं रबर फुगतं आणि करंट बाहेर गळतो. पॅकिंग मजुरीसकट हजार ते तीन हजारांत बसतं. ते न बदलता नवी कॉईल लावली तर तीही त्याच वाटेने जाणार.

चेक इंजिनचा दिवा नुसता पेटलेला नसून लुकलुकत असेल, तर गाडी बाजूला घ्या. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो आतून वितळतो. पाचशेच्या प्लगवरून सुरू झालेलं दुखणं पन्नास हजारांवर जातं ते असं.

प्लग: आपल्या रस्त्यांवर "थंड" प्लगचा मोह टाळा

या कामात सगळ्यात जास्त फरक पडतो तो योग्य प्लगने, आणि सगळ्यात जास्त गोंधळही इथेच आहे. साधा निकेलचा प्लग १०० ते २५० रुपयांना, इरिडियमचा ५०० ते १,२०० रुपयांना, काही टर्बो गाड्यांचा कंपनीने ठरवलेला प्लग त्याहूनही महाग. निकेल १,४५५ अंशांना वितळतं, इरिडियम २,४४६ अंशांना. त्यामुळे इरिडियमचं टोक अगदी बारीक करता येतं. डेन्सोच्या काही प्लगचं टोक तर ०.४ मिलिमीटरचं असतं. बारीक टोकावरून ठिणगी कमी व्होल्टला उडते, म्हणजे कॉईलवरचा ताण कमी होतो, आणि टोक झिजतही नाही लवकर. निकेलचा प्लग २०-३० हजार किलोमीटरला बदलावा लागतो, इरिडियम मूळ अवस्थेतल्या गाडीत त्याच्या दुप्पट-तिप्पट चालतो. रिमॅप केलेल्या टर्बोत मात्र इरिडियमही २०-२५ हजारांवर काढून तपासावा. पैशाला पैसा तोलला तर टर्बो गाडीला इरिडियमच घ्यावा, असं माझं मत आहे.

आता "हीट रेंज". प्लगचं टोक साधारण ४५० ते ८५० अंशांच्या दरम्यान राहायला हवं. त्याखाली काजळी जळून जात नाही, त्यावर टोक निखाऱ्यासारखं तापून ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवतं. उष्णता भराभर हेडकडे सोडणारा तो थंड प्लग, धरून ठेवणारा तो गरम प्लग. शर्यतीच्या गाड्यांना थंड प्लग लागतो, म्हणून "परफॉर्मन्स" म्हटलं की थंड प्लग हातात ठेवला जातो. पण आपली गाडी चालते कुठे? विठ्ठलवाडीकडून उल्हासनगरमधून अंबरनाथकडे जाणाऱ्या कल्याण-बदलापूर रस्त्यावर संध्याकाळी पहिल्या-दुसऱ्या गिअरच्या वर जायची सोय नसते. इंजिन तासभर रांगतं. दोन पायऱ्या थंड प्लग अशा रांगण्यात ४५० अंशांना पोचतच नाही, काळा पडतो, आणि रविवारी पहाटे माळशेजच्या चढावर पाय दाबला की हिसके देतो. मग मालक म्हणतो, कॉईल कमजोर आहे, आणि पुढचा खर्च सुरू होतो.

म्हणून मूळ गाडीला कंपनीने सांगितलेलीच हीट रेंज ठेवा. स्टेज वन (फक्त प्रोग्रॅमिंग बदललेला) रिमॅप असेल तर जास्तीत जास्त एक पायरी थंड, तीही ट्यूनरने सांगितली तरच. आकडे वाचताना सांभाळा: एनजीकेमध्ये आकडा मोठा तसा प्लग थंड, म्हणजे ७ हा ६ पेक्षा थंड. डेन्सोतही तसंच, एनजीकेचा ६ म्हणजे डेन्सोचा साधारण २०, आणि ७ म्हणजे २२. बॉशमध्ये नेमकं उलट, आकडा मोठा तसा प्लग गरम. काउंटरवर "सातचा द्या" म्हणून कंपनी बदलून घेतलेला प्लग इंजिनाला महागात पडू शकतो. एनजीकेच्या बीकेआर ६ ई यासारख्या नंबरातला "आर" म्हणजे आत रेझिस्टर आहे. आजच्या संगणकावर चालणाऱ्या इंजिनांना तो लागतोच, बिनरेझिस्टरचा प्लग कुणी दिला तर परत करा.

गॅपचं, म्हणजे प्लगच्या टोकाजवळच्या फटीचं, गणित सोपं आहे. सिलिंडरमधला दाब वाढला की ठिणगीला फट ओलांडायला जास्त व्होल्ट लागतात. बिनटर्बो इंजिनात गॅप बहुधा ०.८ ते १.१ मिलिमीटर असतो, दाब वाढवलेल्या टर्बोत तो ०.६ ते ०.७ पर्यंत आणतात. जास्त बूस्टला ठिणगी "विझते" असं ट्यूनर म्हणतात, त्यावरचा पहिला उपाय गॅप कमी करणं हा आहे. त्याला लागते दोनशे रुपयांची फिलर गेज. नवी कॉईल हा त्यानंतरचा उपाय. इरिडियमचा गॅप करताना गेज बारीक टोकावर दाबू नका, ते तुटतं. वाकवायची ती फक्त बाहेरची पट्टी.

नकली प्लग भरपूर विकले जातात. अस्सल प्लगवरची छपाई अंगठ्याने पुसली जात नाही, आटे गुळगुळीत असतात, दोन्ही टोकं एका रेषेत असतात आणि वॉशर सहजासहजी निघून येत नाही. बाजारात सातशेला असलेला इरिडियम कुणी अडीचशेला देत असेल, तर तो इरिडियम नाही. अधिकृत काउंटरवरून किंवा पक्कं बिल देणाऱ्या दुकानातून घ्या. इथे मिळाला नाही तर दादरला लोकल बदलून चर्नी रोडला उतरा. ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्ट बाजारात बहुतेक सगळं मिळतं, पण तिथेही बिलाशिवाय घेऊ नका.

कॉईल

नव्या गाड्यांत प्रत्येक प्लगवर स्वतःची कॉईल असते. याचा फायदा आकड्यात बघा. चार सिलिंडरचं इंजिन ६,००० आरपीएमवर असताना सेकंदाला २०० ठिणग्या लागतात. जुन्या डिस्ट्रिब्युटरच्या गाडीत हे सगळं एकट्या कॉईलच्या डोक्यावर, म्हणजे दोन ठिणग्यांमध्ये फक्त ५ मिलिसेकंद. चार कॉईल्स असल्या की प्रत्येकीला २० मिलिसेकंद मिळतात, आणि भरायला काही मिलिसेकंदच लागतात. त्यामुळे धडधाकट मूळ कॉईल असलेल्या गाडीला "रेसिंग कॉईल"ची गरज क्वचितच पडते. इंजिनाच्या संगणकात कॉईल किती वेळ भरायची हे ठरलेलं असतं. तेवढ्याच वेळात भरणारी महागडी कॉईल लावून जास्त ऊर्जा कुठून येणार?

मूळ दर्जाची कॉईल मारुतीला दीड ते अडीच हजार, होंडा-ह्युंदाईला दोन ते चार हजार, फोक्सवॅगन-स्कोडाला अडीच ते साडेचार हजार रुपयांना एक पडते. १.८ आणि २.० टीएसआयच्या मालकांत ऑडी आर-८ वरून आलेल्या लाल कॉईल्सचं वेड आहे. चारचा संच १५ ते २५ हजारांना जातो. त्या इंजिनांना त्या बसतात आणि टिकाऊही आहेत, पण जुन्या कॉईल्स थकल्या असतील तेव्हाच घ्याव्यात. तीन सिलिंडरच्या एक लिटर टीएसआयला त्या बसवायचा खटाटोप करू नका. गाडी लाखभर किलोमीटर चालली असेल आणि एक कॉईल गेली असेल, तर बाकीच्या तिन्ही बदलण्याऐवजी एक बदला आणि एक डिकीत ठेवा.

डिस्ट्रिब्युटरच्या गाड्यांना मात्र सुधारणेला वाव आहे. कॅप, रोटर आणि चांगल्या एचटी (कॉईलपासून प्लगपर्यंतच्या) वायरी असा संच २ ते ५ हजारांत होतो, आयात केलेल्या जाड वायरी घेतल्या तर ६ ते १२ हजार. जुन्या वायरी तपासायला रात्री अंधारात बॉनेट उघडा, इंजिन चालू ठेवा आणि दूर उभं राहून वायरींवर पाण्याचा हलका फवारा मारा. निळ्या ठिणग्या पळताना दिसल्या तर वायरी बाद. हात लावू नका, हा करंट जीवघेणा ठरू शकतो. कुर्ल्यात तयार झालेल्या जुन्या पद्मिनीत अजून पॉइंट-कंडेन्सर असेल तर इलेक्ट्रॉनिक किट बसवून घ्या. चार-आठ हजारांत वारंवार पॉइंट घासायचा त्रास संपतो.

एमएसडीसारख्या सीडीआय बॉक्सबद्दल थोडक्यात: कॉईलसकट आणि बसवण्यासकट ४० हजारांच्या पुढे जातं. कार्ब्युरेटरच्या, शर्यतीला उतरणाऱ्या इंजिनाला ते शोभतं. रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीला नाही.

मजुरी आणि पावसाळा

चार प्लग बदलायची मजुरी साध्या इंजिनाला ३०० ते ६००, इनटेक मॅनिफोल्ड काढावा लागत असेल तर दीड-दोन हजार. मेकॅनिककडून दोन गोष्टी मात्र करून घ्याच. इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय प्लग काढू देऊ नका, ॲल्युमिनियमच्या हेडचे आटे प्लगबरोबर निघून येतात. आणि प्लग आधी हाताने फिरवून बसवायला लावा, मग टॉर्क पान्याने कंपनीने दिलेल्या मापाला आवळायला सांगा. १४ मिलिमीटरच्या प्लगला हे माप साधारण २५ न्यूटन-मीटर असतं, १२ मिलिमीटरच्या प्लगला त्याहून कमी. आटे गेलेच तर अंबरनाथ एमआयडीसीच्या परिसरात लेथवाल्यांची उणीव नाही, दीड-तीन हजारांत एका भोकाला हेलिकॉईल बसते. हेड उतरवायची वेळ आली तर दहा हजारांच्या पुढे.

आपल्याकडे कॉईल्स मरतात त्या जास्त करून पाण्याने. बदलापुरात हेंद्रेपाडा, रमेशवाडी या सखल भागांत उल्हास नदीचं पाणी शिरतं. २००५ आणि २०१९ चे पूर लोक विसरलेले नाहीत. अशा ठिकाणी गाडी बुडाली तर स्टार्टर मारूच नका, टो करून न्या. पण पुराहून जास्त कॉईल्स मारतो तो वॉशिंग सेंटरवरचा प्रेशर पंप. बॉनेट उघडून इंजिन धुऊ देऊ नका. पावसाळ्याआधी प्रत्येक कॉईलच्या रबरात आतून डायइलेक्ट्रिक ग्रीस लावून घ्या. तीनशे रुपयांची ट्यूब तीन-चार पावसाळे पुरते.

कायदा आणि बिल

प्लग, कॉईल, वायर त्याच प्रकारच्या भागांनी बदलणं ही देखभाल आहे, आरटीओला कळवावं लागत नाही. पण नोंदणी प्रमाणपत्रावरचा तपशील बदलेल असा फेरफार, उदाहरणार्थ वेगळं इंजिन, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये येतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ ए नुसार मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा फेरफारामागे ५,००० रुपये दंड होऊ शकतो. रिमॅपनंतर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकायला सांगणाऱ्या ट्यूनरकडून काम करून घेऊ नका. प्रदूषणाच्या नियमांत ते बसत नाही. गाडी वॉरंटीत असेल तर रिमॅपने इंजिनाचा दावा नाकारला जाऊ शकतो हे धरून चला, आणि विमा कंपनीला बदल लेखी कळवा.

काम सुरू करण्यापूर्वी अंदाजपत्रक लेखी घ्या. बिलावर प्लगचा आणि कॉईलचा पार्ट नंबर लिहून घ्या, रिकामी खोकी आणि काढलेले जुने भाग परत मागा. नवा म्हणून जुनाच बसवल्याची किंवा नकली माल दिल्याची तक्रार या तीन गोष्टींवरच उभी राहते. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथे तोडगा निघाला नाही तर ठाण्याचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि मोजलेली रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर तिला शुल्क लागत नाही.